निळ्या गाठी

मु. पो. पुसेगाव, ता. हिंगोली
१३ मार्च १९७४

प्रिय अनुसयाकाकू,

तुम्हाला जयभीम म्हणावं की नमस्कार, हे माझं अजून ठरत नाही, तेव्हा दोन्ही घ्या. हिंगोलीतला आपला बायकांचा साक्षरता वर्ग सोडून मी या गावच्या शाळेत आले, तेव्हा तुम्ही म्हणाल्या होतात, "बाई, पत्र टाकत जा. न्हाई तर शिकलेलं वाचायचं कुठं?" म्हणून हे पत्र. त्यात माझा स्वार्थही आहे, तो पुढे येईल.

होळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि निम्मी शाळा गळ्यात साखरेच्या गाठी घालून आली. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी. कुणाला मामाने दिलेल्या, कुणाला आत्याने. मी हजेरी घेतेय आणि वर्गात नुसता कुडुमकुडुम चावल्याचा आवाज. आमच्या वस्तीतली मुलं मात्र मोकळ्या गळ्याने बसलेली. आम्ही धम्म घेतल्यापासून होळी करत नाही, तेव्हा गाठीही नाहीत. मोठ्यांना हे समजतं. पण पंचफुला पहिलीत आहे. तिने फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे गोळा केले, दाभणाने भोकं पाडून दोऱ्यात ओवले आणि ती माळ गळ्यात घालून ऐटीत बसली. दुपारपर्यंत एक तुकडा चाखूनही पाहिला होता, कारण ओठ पांढरे होते. सगळी पोरं हसली. मीही हसले काकू, आणि मग बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

तेव्हा मनात आलं, चौदा एप्रिल जवळ आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मुलांच्या गळ्यात त्यांनी स्वतः केलेल्या गाठी असाव्यात. होळीच्या नव्हे, जयंतीच्या. आणि निळ्या.

अडचण एकच आहे, तिचं नाव अमृतराव. हे पंचफुलाचे आजोबा आणि माझे घरमालक. जयंती त्यांच्या शब्दावर चालते. त्यांना बेत सांगितला तर म्हणाले, "गाठी होळीच्या. आमी होळी सोडली तवाच गाठी सोडल्या. आता तुमी त्या मागच्या दारानं घरात आणून राहिल्या." मी पुष्कळ बोलले. शेवटी एवढं मिळवलं की करून बघा, पण ते स्वतः पाहणार. होळीची वाटली तर एकही लेकरू ती घालून मिरवणुकीत चालणार नाही. मुलांना हे सांगून टाकलंय. ती आता रोज विचारतात, "बाई, गाठीचं काय झालं?"

गाठी करायच्या कशा, हे हिंगोलीत तुमच्याशिवाय कुणाला विचारू? वर्गात पाटीवर 'ग' काढताना तुम्ही सासूबाईंच्या सागवानी साच्यांच्या गोष्टी सांगायचात, त्या मला अजून पाठ आहेत. ते साचे चार दिवसांसाठी मिळतील का? तळहातावर सांभाळीन.

तुमची,
चांगुणा

---

हिंगोली
१७ मार्च

चांगुणाबाईस,

वयानं मी मोठी, पण गुरू तुमी. म्हणून अर्धा नमस्कार आन् अर्धा आशीर्वाद. तुमी शिकवलं तसं लिहायला बसते, पण हात तोंडासारखंच लिहितो, त्याला मी काय करू.

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं. सोनाजी म्हणला, "माय, दे, मी वाचतो." म्हणलं, हात लावू नको, माझ्या नावाचं हाय. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मोठ्यानं वाचलं. खडूच्या माळंपाशी गिऱ्हाईक बी थांबलं.

आता ऐका. साखर बुडंल इतकंच पाणी. जाळ मध्यम. उकळी आली की लिंबू पिळा, मळी वर येती, ती पळीनं काढा. मग तूप, बोटभर. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की त्याची गोळी वाजली पाहिजे. मग उतरवून घोटायचं, पांढरट झालं की झटक्यात साच्यात. रेंगाळलात तर कढईतच दगड होतो. साच्यात आधी दोरा ठेवायचा. साचा आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायचा, न्हाई तर साखर लाकूड सोडत न्हाई. लेकरांना कढईपासून हातभर दूर ठेवा. पाकाचा चटका तव्याच्या चटक्याहून वाईट.

साच्याचं म्हणाल तर ते मागू नका. ते द्यायचे न्हाईत.

पाडवा तोंडावर हाय, दुकानात गर्दी. जास्त लिहीत न्हाई.

अनुसया

---

पुसेगाव
२० मार्च

अनुसयाकाकू,

पत्र मिळालं. कृती सविस्तर लिहिलीत, आभारी आहे.

साच्यांबद्दल एकच ओळ लिहिलीत, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. द्यायचे नाहीत, का ते लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती म्हणा. ज्या साच्यातून तुमच्या गिऱ्हाइकांच्या गाठी निघतात, त्यात आमच्या वस्तीचा पाक कसा ओतायचा? मला समजायला हवं होतं. वर्गात माठ माझा होता. त्यातलं पाणी तुम्ही कधी प्यायल्याचं मला आठवत नाही. तेव्हा वाटायचं, काकूंना तहान कमी लागते.

मुलांना मी काहीतरी सांगेन. तुमचा पाडवा गोड होवो.

चांगुणा

---

हिंगोली
२९ मार्च

बाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी पाडव्याची गर्दी व्हती, मग राग आला व्हता, आन् मग रडू आलं. आता तिन्ही संपलं, म्हणून लिहिते.

पाण्याचं आधी. तुमच्या माठातलं पाणी मी रोज पिलं. तुमचं ध्यान फळ्याकडं, पाठ आमच्याकडं. मी उठून पिऊन घ्यायची, कारण तुमाला विचारलं तर तुमी म्हणायच्या, "आधी ओळ पूर्ण करा." वर्गातल्या मिराबाईला विचारा, तिनं तर एकदा माझ्याच हातून गिलास घेतला.

आता साच्याचं. साचे न्हाईत. बहात्तरच्या दुष्काळात साखर दिसंना झाली, भट्टी बंद पडली, आन् चुलीला जळण न्हाई. लेकरांच्या पोटात भाकर जावी म्हणून एकेक साचा चुलीत घातला. सागवान लई छान जळतं. सासूचा मोराचा साचा मी शेवटी ठेवला व्हता, तो पण गेला. तवापासून आमच्या दुकानातल्या गाठी नांदेडहून पोत्यात येतात. मी फक्त दोरा बांधते. गावाला वाटतं अनुसयाबाईच्या गाठी, आन् मी वाटू देते. तुमाला वर्गात त्या साच्यांच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या, मग कोणत्या तोंडानं लिहू की जाळले? म्हणून लिहिलं, द्यायचे न्हाईत. तुमीच शिकवलं व्हतं की थोडक्यात लिहावं.

तुमी मला असं समजल्या याचं वाईट वाटलं. पण तुमच्या जागी मी असते तर मी बी तेच समजले असते. जाऊ द्या ते आता.

माझं ऐका. साचे नवे करा. गावात सुतार असंलच. पांगऱ्याचं लाकूड घ्या, लोण्यासारखं कोरलं जातं. चित्रं लेकरांनाच काढू द्या. मोर अन् बत्तासे आमच्या सासूचे व्हते, तुमच्या लेकरांना काय हवं ते त्यांना माहीत. खोल कोरायला सांगा, कडा उतरत्या, न्हाई तर गाठ अडकंल.

निळ्याचा नाद मात्र सोडा. बाजारात खायचा रंग पिवळा मिळतो, गुलाबी मिळतो, हिरवा बी मिळतो. निळा मी जन्मात पाहिला न्हाई. निळं खातं कोण?

तुमचीच,
अनुसया

---

पुसेगाव
३ एप्रिल

काकू,

तुमचं पत्र वाचलं आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढी पत्रं लिहायला शिकवणारी मी, आणि एक ओळ धड वाचता आली नाही. माफ करा. मोराचा साचा जळताना चुलीपुढे बसलेल्या तुम्ही मला सारख्या दिसता. यापुढे माझं तोंड असेल तिकडेच माठ ठेवीन, म्हणजे कोण पितंय ते दिसेल.

आता आनंदाची बातमी. भुजंग सुतार पांगरा कोरायला तयार झाला. मी मुलांना पाटीवर चित्रं काढायला सांगितली. माझ्या मनात पुस्तक, पेन, पिंपळाचं पान आणि चक्र होतं. नामाजीने एस.टी. काढली, टपावरच्या बोचक्यांसकट. एकाने चप्पल काढली, एकच, कारण दुसरी हरवलीय म्हणाला. पंचफुलाने शेळी काढली. पाट्या घेऊन अमृतरावांकडे गेले, तर पुस्तक आणि चक्रापाशी त्यांनी मान हलवली. शेळीपाशी थांबले.

"जयंतीचा आन् शेळीचा काय संबंध?"

"शेळी पण आपलीच हाय की, आजोबा," पंचफुला म्हणाली.

 शेळी राहिली. एस.टी.ही राहिली. भुजंगने शेळी कोरली तेव्हा फळीत नेमकी गाठ लागली आणि एक पाय निघालाच नाही. पंचफुला म्हणते, ती पाय दुमडून उभी आहे.

निळ्याचा शोध मुलांनीच लावला. आधी पंचफुला कपड्याच्या निळीची पुडी घेऊन आली, ती मी हिसकावून घेतली आणि वर्गाला अर्धा तास भाषण दिलं. मग नामाजी म्हणाला, "बाई, आमी कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांची शाई करतो, ती चालंल का?" विहिरीच्या सांडपाण्यावर गोकर्णाचा वेल या उन्हातही भरून फुललाय. फुलं गरम पाण्यात टाकली तर पाणी असं निळं झालं की मुलं भांड्याभोवती नाचायला लागली. वस्तीतल्या आजीबाई म्हणाल्या, गोकर्ण औषधात चालतं, त्याची भीती नाही. मी आधी स्वतः पिऊन पाहिलं. अजून ठणठणीत आहे.

घराघरांतून मुलं रेशनची साखर मूठमूठ घेऊन आली आहेत. रविवारी पहिला घाणा घालतो.

तुमची,
चांगुणा

---

पुसेगाव
७ एप्रिल

काकू,

घाईने लिहितेय. घाणा फसला. तुम्ही सांगितलं तसंच केलं. साखर, पाणी, गोकर्णाचं निळं पाणी, उकळी, सगळं बरोबर. लिंबू पिळलं आणि आमच्या डोळ्यांदेखत कढईतला निळा जांभळा झाला. आणखी पिळलं तर गुलाबीकडे झुकला. मुलांनी एकदम श्वास घेतला तो मला अजून ऐकू येतोय.

गाठी सुटल्या सुरेख. पुस्तकाच्या कडा, एस.टी.ची चाकं, सगळं उमटलं. पण रंग होळीच्या गुलालाचा. अमृतराव आले, एक गाठ उचलून उन्हात धरली. म्हणाले, "बाई, मी म्हणलं नव्हतं? होळी आलीच ना बाहेर." रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. पंचफुला त्यांच्या धोतराला धरून उभी होती.

त्यांनी अजून एक संधी दिलीय, तेराव्या तारखेपर्यंत. साखर एका घाण्यापुरतीच उरली आहे. फुलांत काही दोष आहे का? पाणी कमीजास्त झालं का? लिंबू वगळलं तर मळी कशी निघणार? लगेच लिहा. आजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ हे पत्र देतेय, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

चांगुणा

---

हिंगोली
९ एप्रिल

बाई,

तुमच्या गोकर्णानं मला काल दिवसभर खाऊ दिलं न्हाई. शेजारच्या कुंपणावरून फुलं तोडली आन् वाटीत पाणी करून बसले. लिंबू टाकलं, जांभळं. ताक टाकलं, जांभळं. आंबट दिसलं की त्या फुलाला लाज येती. दूध टाकलं, तर जरा फिकं झालं, पण निळं राहिलं. सोनाजी म्हणला, "माय, दुकान उघडायचं का न्हाई आज?" म्हणलं, तू उघड, माझी परीक्षा चालू हाय.

तवा लिंबाला हात लावू नका. मळीसाठी चमचाभर दूध घाला. दूध फाटतं आन् मळी त्याच्याबराबर वर येती. आमची सासू दुधानंच करायची, लिंबू माझं आळशीपण. पाक साफ झाला, गोळी वाजली, मग शेवटी गोकर्णाचं पाणी. पाणी आधी आटवून घट्ट करून ठेवा, न्हाई तर पाक पातळ होतो. कढई चांगली धुवा, मागच्या लिंबाचा वास बी नको.

पंचफुलाला सांगा, रडायचं न्हाई. माझा पहिला घाणा आमच्या सासऱ्यानं सबंध गल्लीला दाखवला व्हता. गाठी न्हाई, एकच गाठ व्हती, कढईएवढी.

कंडक्टर हॉर्न वाजवून राहिला.

अनुसया

---

पुसेगाव
१६ एप्रिल

प्रिय काकू,

सगळं सांगते, शांत बसून वाचा. सोनाजीला दुकानात बसवा.

तेरा तारखेला दुपारी समाजमंदिरापुढच्या कडुलिंबाखाली चूल मांडली. अमृतराव खाट टाकून पाहायला बसले, हात छातीवर बांधून. मुलं चुलीत लाकडं कोंबत होती आणि नुसता धूर. थोडा वेळ त्यांनी सहन केलं. मग उठले. "जाळ असा घालतेत व्हय? सरका." त्यांनी लाकडं उलगडली, दोन काढली, एक आडवं ठेवलं, आणि जाळ एकसारखा लागला. तिथेच चुलीपाशी उकिडवे बसले.

पाक साफ झाला, दुधाने मळी वर आणली. आटवलेलं निळं पाणी घातलं आणि सगळ्यांची तोंडं कढईकडे. रंग हलला नाही काकू. निळा राहिला. फिकट, पण निळाच. 

आता झटक्यात ओतायचं, आणि इकडे साच्यांतले दोरे सरकले. ते धरायला मलाच हवं होतं. मी न बघता पळी मागे केली, "काका, जरा धरा." पळी कुणी घेतली नाही. मागे पाहिलं तर अमृतराव पळीकडे पाहत होते.

"मी?"

"हो, तुम्हीच. पटकन, दगड होईल."

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, मग पळी घेतली. पहिल्या साच्यात पाक कमी आणि जमिनीवर जास्त. ओतता ओतताच बोलत होते, माझ्याशी नाही, पाकाशी बोलावं तसं. तरुणपणी ते गुऱ्हाळावर जाळ घालायला असत. वर कढईत गूळ, खाली चुलवाणात हे. "जाळ कमी कर, जाळ वाढव, एवढंच ऐकलं म्या. वास सगळा माझ्या नाकात, आन् पळीला हात लावायचा न्हाई. बाटतो म्हणायचे. पाक कसा हलतो ते म्या कधी वरून बघितलं न्हाई." माझ्या डोळ्यांपुढचे साचे दिसेनासे झाले. दोरे मी अंदाजानेच धरले.

दुसऱ्या साच्याला हात बसला. तिसऱ्याला तर त्यांची चव्हाट्यावरची ऐट परत आली. "दोरा सरळ धर. नामाजी, हात मागं. एस.टी.त जास्त लागतं, टप हाय तिला." पळी कुणाच्या हातात द्यायलाच तयार नाहीत. मुलं भोवती घोंगावतायत, आम्हाला द्या, आम्हाला द्या, आणि हे सगळ्यांना मागे सारतायत, "लांब व्हा, तुमचं काम न्हाई हे."

शेवटचा साचा शेळीचा होता. पंचफुला त्यांच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, तुमाला कुणी पळी दिली न्हाई म्हून तुमी आमाला बी देणार न्हाई का?"

काकू, एवढा मोठा माणूस, भर वस्तीपुढे, पळी धरून उभा. कढईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग खाली बसले, तिला मांडीच्या आडोशाला घेतलं, पळी तिच्या मुठीत दिली आणि त्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "हळू. भाजतं." दोघांनी मिळून शेळी ओतली. नंतर सगळ्या पोरांनी कढईच्या तळाला उरलेला पाक तसाच, मुठीवर मूठ ठेवून, पाटावर थेंब थेंब टाकला. नुसते वाकडे निळे बत्तासे. तेच सगळ्यात आधी संपले.

गाठी सुटल्यावर मी एक पुस्तकाची अमृतरावांपुढे धरली आणि विचारलं, आता काय म्हणता? त्यांनी ती घेतली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि खाट उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत सगळी लेकरं गळ्यात निळ्या गाठी घालून चालली, पुढे अमृतराव. गावातून जाताना माझ्याच शाळेतली इतर मुलं ओट्यांवर उभी होती. त्यांच्या होळीच्या गाठी कधीच खाऊन झाल्या होत्या. त्यांची नजर आमच्या गळ्यांवरून हलेना. एक जण हळूच नामाजीला म्हणाला, "एस.टी. हाय का रे तुझी?" नामाजीने अर्धी तोडून दिली, ड्रायव्हरची बाजू स्वतःकडे ठेवून. त्या मुलाने लगेच तोंडात टाकली. त्याची आई दारात होती. तिने त्याला ती थुंकायला लावली नाही, आणि मला तेवढं पुरलं.

सोबत शेळी पाठवतेय. पंचफुलाने तुमच्यासाठी राखली होती. पाय मोजू नका.

तुमची,
चांगुणा

---

हिंगोली
२२ एप्रिल

चांगुणाबाई,

शेळी पोचली. दोरा लहान व्हता, मी नवा घातला आन् गळ्यात घालून दुकानात बसले. सोनाजी म्हणला, "माय, म्हातारपणी काय हे?" म्हणलं, माझ्या गुरूच्या शाळेतून आली, बक्षीस हाय. दुपारच्या उन्हात शेळी घामानं पाघळली आन् माझं पांढरं झंपर निळं झालं. तरी काढली न्हाई. संध्याकाळी शिंगांपासून खाल्ली.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पळीपाशी आले की अक्षरं फिरायची. आमच्या भट्टीवर पण खाली जाळ घालायला एक म्हातारा यायचा. नाव विचारल्याचं आठवत न्हाई. सासरा त्याला 'ए जाळवाल्या' म्हणायचा, आमी पण तसंच म्हणायचो. हे आज कळून काय उपयोग, पण कळलं.

आता कामाचं. शेळी गळ्यात पाहून इथल्या तुमच्या वस्तीतल्या बाया दुकानावर आल्या. म्हणल्या, वैशाखी पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, आमच्या लेकरांना अशा करून द्याल का? मी हो म्हणून बसले. सोनाजीनं माळ्यावरची कढई उतरवली, तिच्यात चिमणीनं घरटं केलं व्हतं, रिकामं. दोन दिवस घासली. दुष्काळानंतर पहिल्यांदा भट्टी पेटणार. भुजंग सुताराला सांगा, पान अन् चक्र मला पण कोरून दे.

पण माझ्या मनगटात आता जोर न्हाई, आन् सोनाजीच्या हाताला घाई. पळी धरायला माणूस पाहिजे. अमृतरावांना विचारा, येतील का. शेजारची म्हणली, "तुमच्या भट्टीवर कोण म्हणं येणार हाय?" म्हणलं, पुसेगावचे अमृतराव, निळ्या गाठीचे. तिला राग आला का काय, ते पौर्णिमेनंतर बघू. त्यांनी पहिला साचा सांडला म्हणता ना? पहिला सगळ्यांचाच सांडतो.

सण तुमचाच हाय, तवा त्यांना अडचण नसावी. मेहनतान्याचं त्यांच्या मनासारखं होईल. जेवण आमच्याकडंच, माझ्या ताटाशेजारी ताट.

अर्धा नमस्कार, अर्धा आशीर्वाद, आन् पंचफुलाला पापी.

अनुसया

---

पुसेगाव
२६ एप्रिल

अनुसयाबाई यांस अमृतराव यांचा सविनय जयभीम.

पत्र चांगुणाबाईच्या हातचे, बोल माझे. त्या मधे काही घालणार नाहीत असे कबूल करून घेतले आहे.

आपले पत्र त्यांनी मला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला सांगितले. पौर्णिमेच्या आधी दोन दिवस सकाळच्या गाडीने येतो. सोबत नात येईल, ती ऐकत नाही. तिचा हात लहान आहे, तिला छोटी पळी लागेल.

गोकर्णाची फुले आम्ही आणू. लिंबू घरात ठेवू नये.

पळी मी धरीन. जाळ घालायला मात्र दुसरा माणूस बघा, आणि त्याचे नाव विचारून ठेवा.

आपला,
अमृतराव